सुरतेतली खूण

डहाणू रोडला माझं दुकान आहे. बोटींचे वायरलेस आणि हातात धरायचे जीपीएस मी दुरुस्त करतो. बाकीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य, मशीन टाकून बाजारात जातात. झाई गावचा गणू तांडेल जात नाही. मी स्क्रू काढून परत लावेपर्यंत तो स्टुलावर बसून माझ्या हातांकडे टक लावून बघतो. त्याच्या जीपीएस मशीनमध्ये पाचशे खुणा, म्हणजे साठवलेल्या जागा, आहेत. कुठे पापलेट लागतं, कुठे सोन्याच्या भावाने जाणारी घोळ, कुठल्या खडकावर जाळं फाटतं, सगळं त्यात आहे. तांडेल आपल्या खुणा सख्ख्या भावालाही दाखवत नाहीत, आणि गणू तर त्यातही वरचढ.

"नविनशेठ, स्क्रीनकडे बघू नका हां," तो दर खेपेला बजावतो. मला पापलेट आणि घोळ ताटात आल्यावरच ओळखू येतात, हे त्याला सांगून मी थकलो.

२०१६च्या सप्टेंबरात त्याच्या बायकोला, पुतळीला, पोटाच्या ऑपरेशनसाठी सुरतेला न्यावं लागलं. हंगाम चालू होता, म्हणून गणूने बोट मेहुण्याच्या, धर्मेशच्या हवाली केली. मशीन मात्र दिलं नाही. पिशवीत घालून सोबत सुरतेला नेलं. धर्मेश आठ दिवस अंदाजाने फिरला आणि अंदाजाइतकेच मासे घेऊन आला.

ऑपरेशनचा दिवस नेमका गणपती विसर्जनाचा निघाला. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रक्त कमी पडतंय, चारच्या आत आणा. त्यानंतर आणलेल्याचा उपयोग नाही, हे त्यांनी मोघम न ठेवता सांगितलं. मुलगी भाविनी आईजवळ थांबली. मिरवणुकांमुळे रस्ते बंद होते, रिक्षा नाही. रक्तपेढी मोठी होती, विचारत विचारत सापडली असती. दवाखाना मात्र गल्लीबोळातला, नवा, दोन चौकांपलीकडे कोणाला माहीत नाही. गणू गुजराती फाडफाड बोलतो, पण वाचायचं म्हटलं तर त्याला फक्त आकडे येतात. तेव्हा त्याने दवाखान्याच्या दारात मशीन चालू केलं आणि तिथली खूण लावायला बटण दाबलं.

मशीन काही खूण घेईना. पाचशे भरल्या होत्या. एक पुसल्याशिवाय नवी बसत नव्हती.

"मग कुठली पुसली?" मी नंतर विचारलं.

"वर होती ती."

सगळ्यात वर पहिली खूण होती. त्याच्या बापाने दाखवलेली पापलेटची जागा. मशीन घेतल्यावर आधी तीच लावली होती, हे तो मला स्वतः अभिमानाने सांगत असे. ती पुसायला त्याला किती वेळ लागला ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

रक्त मिळालं तेव्हा सव्वातीन झाले होते. थर्माकोलचा डबा डोक्यावर, मशीन हातात, आणि दवाखाना दीड मैल. आता समुद्रावरच्या माणसाने जे करायचं तेच त्याने केलं. स्क्रीनवरचा बाण खुणेकडे दाखवेल तिकडे नाकासमोर निघाला. एका सोसायटीतून घुसला, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून गेला, आणि एका बंद गिरणीच्या भिंतीला जाऊन टेकला. बाण भिंतीतून पलीकडे दाखवत होता. पाण्यात भिंती नसतात, हे मशीनला कोण सांगणार?

"काका, आ रस्तो नथी," म्हणत वॉचमनने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. साडेतीन वाजून गेले होते. तेव्हा घाबरलो, असं गणू स्वतः म्हणाला. आयुष्यात भीती वाटल्याचं त्याने एवढं एकदाच माझ्यापाशी कबूल केलंय.

मग त्याला झाईच्या खाडीचं तोंड आठवलं. ओहोटीला समोर घरं दिसतात, पण मध्ये खडक असतो, म्हणून कोणी बोट सरळ घालत नाही. त्याने बाणाकडे बघणं सोडलं आणि नुसता दवाखान्यापर्यंतच्या अंतराचा आकडा धरला. आकडा उतरला की चालायचं, चढला की वळायचं. मिरवणुकीतून, गुलालातून, ढोलांच्या मधून तो असा वळणं घेत गेला आणि चारला दहा कमी असताना डबा नर्सच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पुतळीने डोळे उघडले, तर नवरा कानापर्यंत गुलालाने लाल.

"मी इकडे मरते आणि तू नाचून आला?" ती म्हणाली. भाविनीने सगळं सांगेपर्यंत तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

२०१९च्या जानेवारीत दोघं दुकानात आली. गणूला समुद्रात नवा खडक सापडला होता आणि मशीनमध्ये जागा नव्हती. मी म्हटलं, "ती सुरतेच्या दवाखान्याची पूस की. झाईपासून साठ मैल, तेही जमिनीवर. तिथे काय जाळं टाकणार आहेस?"

"पूस ना," पुतळी म्हणाली. "मी ही इथे उभी आहे."

गणूने माझ्या हातातून मशीन घेतलं, बटणं दाबली आणि परत दिलं. "घोळीची जागा पुसली," तो म्हणाला.

"घोळीची?" पुतळी ओरडली. "डोकं फिरलं काय तुझं?"

"राहू दे ती," गणू खाली बघत म्हणाला. "परत कधी लागलं तर शोधत बसायला नको."

पुतळीने पिशवीचं तोंड उघडून धरलं. मी मशीन फडक्याने पुसून त्याच्या पिशवीत ठेवलं.