शिरपामाळावर कोण कोण होतं

पोशेऱ्याचा सुकऱ्या थाळकरी खोटं बोलत नसे. तो फक्त उदार होता.

थाळकरी म्हणजे थाळीवर कथा लावणारा. काशाची थाळी मांडायची, मधोमध मेण चिकटवायचं, त्यात एक बारीक काडी उभी रोवायची आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर सुकऱ्या आधी कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा लावी आणि मग शिरपामाळाची. लोक खरे बसलेले असत ते या दुसरीसाठी. महाराज सुरतेला निघाले, वाटेत जव्हारजवळच्या माळावर थांबले, जव्हारच्या राजानं त्यांचा मान करून मस्तकी शिरपेच चढवला, म्हणून तो शिरपामाळ. एवढी गोष्ट इकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ती सांगायला एक विडी ओढण्याइतका वेळ पुरतो. सुकऱ्या मात्र उन्हं कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत सांगे, कारण त्याच्या माळावर गर्दी फार होती.

त्या गर्दीचं असं होतं, की भात झोडून झाल्यावर ज्याच्या खळ्यावर कथा बसेल त्याच्या घरचा एक पूर्वज माळावर हजर असायचा. ही रीत सुकऱ्याच्या बापापासूनची. बापाचा हात आखडता होता, सुकऱ्याचा सैल. उडदाची आमटी फक्कड झाली तर पूर्वज महाराजांच्या शेजारी उभा राही. पातळ झाली तर तोच पूर्वज लांब कुठंतरी लाकडं फोडत बसे. आमचा आजा तुका यानं कोंबडं कापलं होतं, म्हणून आमच्या पूर्वजानं महाराजांचा घोडा धरला. मी पुढं शिकलो, मास्तर झालो, चार पुस्तकंही वाचली. तरी घोडा आम्हीच धरला होता यावर मी ठाम आहे.

स्वतःच्या घराला सुकऱ्यानं काय ठेवलं होतं? तर सगळ्यात शेवटी तो म्हणे, "आन् हे सगळं पाहिलं ते आमच्या मानसानं. त्येनं पाहिलं म्हनून मी सांगतोय." एवढं बोलून तो मान वर करून सगळ्यांकडं बघून घेई. दुसऱ्याला घोडा देईल, मशाल देईल, पण हे वाक्य तो कुणाला देत नसे.

राजा गादीवर होता तोवर या पूर्वजांना कुणी फारसं विचारत नव्हतं. मग संस्थान विलीन झालं, वाड्यातला कारभार कचेरीत गेला, मामलेदार आला, आणि एकाएकी जो तो राजाच्या जवळचा झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. पाचसहा वर्षांत अशी वेळ आली, की सोयरीक जुळवायला माणसं आली तर बैल किती हे नंतर विचारत. आधी विचारत, शिरपामाळावर तुमचं कोण होतं?

आणि इथंच धोंडीबाई अडली.

धोंडीबाईला जमीन नव्हती. नवरा वारलेला, कारवीच्या कुडाची झोपडी, आणि पदरात एक मुलगी, सोमी. पोशेऱ्यातल्या झाडून सगळ्या खळ्यांवर ती मजुरीला जायची. कथा बसली की मागं सूप घेऊन पाखडता पाखडता ऐकायची. शिरपामाळाची गोष्ट तिच्याइतक्या वेळा गावात कुणी ऐकली नसेल. पण स्वतःचं खळं नाही म्हणून कथा नाही, आणि कथा नाही म्हणून पूर्वज नाही. अशात दाभोशाच्या अनंतानं आपल्या मुलासाठी, मधुसाठी, सोमीला मागणी घालायचा निरोप धाडला. मधु आणि सोमीनं एकमेकांना जव्हारच्या बाजारात पाहिलं होतं आणि दोघांचं ठरल्यासारखंच होतं. पण अनंता मानी माणूस. तो प्रश्न विचारणार हे नक्की होतं.

धोंडीबाई सुकऱ्याकडं गेली.

"सुकऱ्यादादा, माझा बी एक मानूस माळावर उभा कर."

"खळं कठं हाय तुझं?"

"नाय खळं. तुना ठाव हाय."

"मंग कथा कठं लावू? रीत हाय बाय. आज रीत मोडली तं उद्या कोनी बी येल."

"लांब उभा कर. लाकडं फोडाया लाव."

"लाकडं फोडनारे लई झाले," सुकऱ्या म्हणाला. "आनखी एक घातला तं माळावर झाड उरायचं नाय."

इथं मला सुकऱ्याचा राग येतो. कोंबड्यापायी आम्हाला घोडा देणारा हा माणूस, त्याला रीत आठवली ती धोंडीबाई दारात आल्यावर.

धोंडीबाईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिनं झोपडीपुढची हातभर जागा उकरली, दगड वेचले, माती चोपली, शेणानं सारवली. झोडायला भात कुठलं? लोकांच्या शेतात कापणीनंतर पडलेल्या लोंब्या वेचून तिनं सरवा जमवला. कसाबसा सूपभर झाला. तो तिनं त्या सारवलेल्या जागेवर ओतला आणि सुकऱ्याला निरोप पाठवला, खळं झालं, कथा लावायला ये. अनंता येणार तोच दिवस तिनं सांगितला.

सुकऱ्याला आता नाही म्हणता येईना. रीत त्यानंच सांगितली होती. ठरल्या दिवशी तो थाळी घेऊन आला आणि ते खळं पाहून आधी हसला. तिथं बसला तेव्हा त्याचे गुडघे बाहेर राहत होते. गावही जमला. दाभोशाहून अनंता आला, मधु आला, बरोबर भाऊबंद आले. सुपारी फोडायची तयारी झाली. अनंतानं घसा साफ केला.

"ईहीनबाय, आमच्या घरच्यानं शिरपामाळावर महाराजांचा घोडा धरला व्हता. तुमचं कोन व्हतं?"

धोंडीबाई काही बोलायच्या आत आमचा आजा उठून उभा राहिला.

"घोडा?" तो म्हणाला. "घोडा आमच्याकडं व्हता."

सगळ्यांच्या माना सुकऱ्याकडं वळल्या.

झालं होतं ते असं. फार वर्षांपूर्वी सुकऱ्या दाभोशाला कथेला गेला होता. तिथल्या नदीचे मासे अनंताच्या बापानं असे काही खिलवले, की सुकऱ्यानं घोडा देऊन टाकला. पोशेरा मोखाड्याकडं, दाभोसा पार जव्हारच्या पलीकडं, मध्ये संस्थानाची हद्द. ही माणसं एका अंगणात कधी बसतील असं त्याला वाटलंच नव्हतं. हद्द पुसली गेली, गाड्या सुरू झाल्या, बाजारात पोरं भेटू लागली, पण सुकऱ्याचा हिशेब जुनाच राहिला. घोडा एक होता आणि तो पांढरा होता, हे त्यानंच दोन्ही गावांत ठासून सांगितलेलं. दुसरा घोडा आणायची सोय नव्हती.

अनंता उठला. "आमाला खोटं पाडाया बोलावला का?" तो म्हणाला. त्याच्या भावानं मांडलेली सुपारी उचलली. सोमी दारात उभी होती, ती आत गेली. धोंडीबाई तिच्या सूपभर भातापाशी तशीच बसून राहिली.

 सुकऱ्यानं थाळी मांडली आणि काडी ओढायला लागला. कथा बसली की उठून जायचं नसतं, कणसरी रुसते, म्हणून अनंताला नाइलाजानं बसावं लागलं. सुकऱ्यानं त्या दिवशी गोष्ट भराभर सांगितली. महाराज आले, माळावर उतरले, राजा सामोरा गेला, शिरपेच चढला. घोड्याचं नाव त्यानं घेतलंच नाही. मग तो शेवटच्या वाक्यापाशी आला.

"आन् हे सगळं पाहिलं ते..." म्हणून तो थांबला. काडीवरची बोटं चालूच होती. "पाहिलं ते धोंडीबाईच्या मानसानं. बाकी समदे कामात व्हते. त्याला शेत नाय, खळं नाय, धराया घोडा नाय. तो नुसता उभा राहून बघत व्हता. त्येनं येऊन आमच्या घरी सांगितलं, तवापासून आमी सांगतो."

 मला विचाराल तर सुकऱ्यानं जन्मात जे काही लोकांना वाटून दिलं त्यात त्याचं स्वतःचं एवढंच होतं, आणि ते त्यानं देऊन टाकलं. मला त्या माणसाचा अभिमान वाटतो, हे मी सरळच सांगतो.

माझ्या आजाला मात्र अभिमानापेक्षा घोड्याची काळजी. तो धोंडीबाईकडं वळला. "मंग घोडा कोनी धरला ते तुझ्या मानसानं पाहिलाच असंल."

धोंडीबाईनं एकदा आजाकडं पाहिलं, एकदा अनंताकडं.

"पाहिला," ती म्हणाली. "घोडा दांडगा. एकट्याला आवरंना. एका अंगाला पोशेऱ्याचा, एका अंगाला दाभोशाचा. दोघं भांडत व्हते म्हनून तो आनखीच बिथरला."

आधी मधु हसला, मग सगळे. अनंता बराच वेळ मिशीवर हात फिरवत राहिला. शेवटी त्यानं भावाच्या हातातली सुपारी घेतली आणि फोडली. घोडा आम्ही अर्धाच धरला होता हे आजानं मरेपर्यंत कबूल केलं नाही, ते सोडा.

सुकऱ्याच्या घरी मात्र निभावलं नाही. त्याची बायको भागी हिनं भाकर वाढताना विचारलं, "मंग आपलं कोन व्हतं?"

"कोन नाय. आपन ऐकनारे."

त्यानंतर कितीतरी दिवस भागीनं त्याला भाकरीबरोबर चटणी दिली नाही.

सोमी दाभोशाला नांदायला गेली. पुढच्या साली अनंताच्या खळ्यावर कथा बसली, तेव्हा सुकऱ्या थाळी मांडून तयार झाला तरी अनंता त्याला सुरू करू देईना. "ईहीन येतेय," म्हणाला. धोंडीबाई चालत आली. ती सवयीनं मागं सुपाकडं वळली, तर सोमीनं तिला हात धरून पुढं आणून बसवलं. गोष्ट सुरू झाली. सुकऱ्या पुन्हा रंगात आला होता. माळावर आता दाभोशाचीही माणसं वाढली होती, मशालवाले, पाणके, लाकूडतोडे.

"दादा," धोंडीबाई मध्येच म्हणाली.

थाळीपुढं बसलेल्या सुकऱ्याला आजवर कुणी अडवलं नव्हतं. "काय?"

"एवढी गर्दी माळावर. जेवली काय? भाकऱ्या कोनी भाजल्या?"

सुकऱ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं माळावर इतकी माणसं उभी केली होती, त्यात एक बाई नव्हती.

"मना नाय ठाव," तो म्हणाला. "तुझ्या मानसानं पाहिलंय. तूच सांग."

त्यानं थाळी थांबवली नाही. धोंडीबाईनं पदर सावरला आणि चूल कुठं मांडली होती तिथून सांगायला सुरुवात केली. मागं पाखडत बसलेल्या बाया सुपं खाली ठेवून पुढं सरकल्या.