सही माझ्याकडे, नाव दुसऱ्याचं

नर्सेस क्वार्टरमधल्या बाकीच्या पोरींच्या ट्रंकेत ठेवणीतल्या साड्या, रुखवतासाठी विणलेले रुमाल असं काहीबाही असायचं. माझ्या ट्रंकेत एक पैलवान होता. उघड्या छातीचा, मोडक्या कानांचा, चारपाच फोटोंतला आणि कुस्त्यांच्या हँडबिलांवरचा. शेजारच्या खोलीतली एकदा म्हणाली, "अगं, लग्नाच्या वयात ही कसली बाई मारुतीची भक्ती?" तिला मी असं झापलं की तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. मी तोंडाची फटकळ. मैत्रिणी फार टिकल्या नाहीत त्या त्यामुळंच.

हा नाद वडिलांनी लावला. शिराळ्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेत ते मला खांद्यावर बसवून कुस्त्यांच्या मैदानात न्यायचे. तिथं मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. समोरच्याला चीतपट केलं, आणि मग स्वतःच वाकून त्याला हात देऊन उठवलं. "बघ, ह्याला म्हणायचं पैलवान," वडील म्हणाले. दोनतीन वर्षांनी आईनं फर्मान काढलं, पोरगी मोठी झाली, आता मैदानात न्यायची नाही. मग मी वरच्या बांधावर बायकांच्या घोळक्यात उभी राहायची. तिथून नुसते फेटे आणि टोप्या दिसायच्या. हलगी वाजली की कुस्ती लागली आणि आरडाओरडा झाला की सुटली, एवढंच कळायचं.

पुढं वडील गेले. भाऊ मिलिटरीत भरती झाला. त्याला कुस्तीची काडीचीही गोडी नव्हती. मी नर्सिंग शिकून मिरजेला आले. तोवर पैलवानानं कुस्ती सोडली होती आणि सांगलीत एका तालमीत तो पोरांना शिकवत होता. मिरजेहून सांगली ती किती लांब! पण तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, उंबऱ्याशीसुद्धा घुटमळायचं नाही. म्हणून सहीसाठी फोटो देऊन कुणातरी गड्याला धाडायचं. आधी चुलतभावाला पाठवलं, मग वॉर्डबॉयला, मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला.

आता पैलवानाची रीत अशी, की तो नुसती सही करायचा नाही. समोरच्याला नाव विचारून ते वर घालायचा आणि खाली लिहायचा, 'रोज जोर-बैठका काढा, तंबाखूला शिवू नका.' झालं! एक फोटो चुलतभावाच्या नावाचा, एक वॉर्डबॉयच्या, एक सायकलवाल्याच्या. वॉर्डबॉयला तर मी चांगलं बजावून धाडलं होतं, माझं नाव सांग म्हणून. तो मान खाली घालून परत आला. "सिस्टर, समद्या पोरांदेखत बाईचं नाव कसं सांगू? लय लाज वाटली मला." त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवारी दुपारी क्वार्टरमधल्या पोरींना घरचे भेटायला यायचे. मला कोण येणार? मी दार लोटून फोटो पसरून बसायची. इतकं जपलेलं सगळं, आणि त्यात मी कुठंच नाही. फार एकटं वाटायचं. एक तरी सही माझ्या नावाची हवी, बाकी देवाकडं काही मागणं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात तो आमच्याच वॉर्डात दाखल झाला. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. केसपेपरवरचं नाव मी तीनतीनदा वाचलं. केस पांढरे झालेले, पण कॉट त्याला आखूडच पडत होती. मी त्याला गोळ्या दिल्या, पट्टी बदलली, पहिल्यांदा उभं केलं. तो मला 'सिस्टर' म्हणायचा. बाकीच्या पेशंटांवर खेकसणारी मी त्याच्या कॉटपाशी गेले की गप्प व्हायची, आणि ते वॉर्डाच्या ध्यानात आलं होतं. "ह्या बाईची पैलवानापुढं बरी बोलती बंद हुती," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

घरी जायच्या दिवशी मी एक कोरा फोटो घेऊन गेले. हा मी मुद्दाम कुणाच्या हाती दिला नव्हता. नेमकी तेव्हाच त्याला न्यायला तालमीतली पोरं आलेली, भेटायची वेळ झालेली, कॉटभोवती ही गर्दी. मी फोटो आणि पेन पुढं केलं.

"आवं सिस्टर, ह्यो फोटू तुमच्याकडं कसा?" तो इतका खूश झाला की मलाच भरून आलं. त्यानं चष्मा पुसला, पेन उघडलं. "बोला, नाव काय घालू?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एका पोरानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं आणि दोघं खुदकन हसली. मोठ्या सर्जनला तोंडावर सुनावणारी बाई मी, पण माझं एवढंसं नाव काही माझ्या तोंडून फुटेना. मी भावाचं नाव सांगितलं.

"माझा भाऊ. मिलिटरीत असतो. त्याला तुमचं फार वेड."

त्यानं सावकाश सगळं लिहिलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि फोटो माझ्या हातात दिला.

"भावाला सांगा सिस्टर, रजेवर आला की मला येऊन भेट म्हणावं. गडी एवढा जीव लावतोय, आन् मी त्याला वळखतबी न्हाई. बरं हाय का हे?"

"सांगते," मी म्हणाले, आणि त्याच्या काखेत कुबडी नीट बसवून दिली.