काडेपेट्यांतला कुत्रा

आधी पँटचे पाय दोन घड्या वर, मग गुडघ्यांखाली रुमाल, आणि मग आमचे सर धुळ्याच्या कॉलेजातल्या लॅबच्या फरशीवर चक्क चार पायांवर चालू लागत. "बघा, उजवा पुढचा, डावा मागचा. आता तोल कुठे आहे?" असं विचारत टेबलाखालून पलीकडे जात. दारातला शिपाई कासावीस व्हायचा. "उठा सर, प्रिन्सिपॉल सायेब ई ऱ्हायनात!"

सरांना एकच वेड होतं. चार पायांच्या रोबोंनी, कोणी न चालवता, आपापलं फुटबॉल खेळायचं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. परदेशात असे रोबो होऊ लागलेत म्हणे. आमच्याकडे रोबो कुठला असायला? एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पडद्यावर रेघांनी काढलेले चार कुत्रे. सर त्यांना कुत्रेच म्हणत. खेळ त्यांनी स्वतःच शिकायचा होता. कुत्रा काहीतरी करून बघायचा, बरं झालं की मार्क मिळायचे, आणि ज्याला मार्क मिळाले ते तो पुन्हा पुन्हा करायचा. पहिले दोन महिने तो नुसता पडत होता. मी वैतागले की सर म्हणत, "पडू दे बेटा, वेळ लागतो." प्रोजेक्टला दुसरे सर मिळाले असते तर बरं झालं असतं, असं मी दर रविवारी दोंडाईच्याला घरी जाऊन सांगत असे.

तो एकुलता एक कॉम्प्युटर ऑफिसला हवा होता. प्रिन्सिपॉलांनी सांगून टाकलं, जळगावच्या प्रदर्शनात बक्षीस आणा, नाहीतर मशीन ऑफिसात. सरांनी घरी जेवायला जाणंही सोडलं. डबा शिपाई आणायचा.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना आमचा कुत्रा एकदम गोल करू लागला. मी टाळ्या पिटल्या. सर मात्र वाकून बघत राहिले. कुत्रा आधी समोरच्याला धडक मारून पाडायचा आणि मग सावकाश गोल करायचा. "याला खेळ आलेला नाही," सर म्हणाले. "धडकेचे मार्क कापायला हवेत." कापले. झालं, कुत्रा इतका भित्रा झाला की दुसरा कुत्रा दिसताच मैदानाच्या कडेला जाऊन उभा! जळगावला हाच न्यायचा, असं सरांनी ठरवलं. मी धडकेवाल्याची फ्लॉपी गुपचूप पर्समध्ये टाकली.

मशीन गोधडीत गुंडाळून एसटीने नेलं. परीक्षक आले तेव्हा सर चहाला गेले होते. मी फ्लॉपी बदलली. एक, दोन, तीन गोल! गर्दी जमली. "हाऊ कुत्रा भलता भारी शे!" कोणीतरी ओरडलं. परीक्षक माना डोलावत होते, तेवढ्यात सर गर्दीतून पुढे आले. पडद्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा.

"साहेब, यात चूक आहे," ते परीक्षकांना म्हणाले. "मार्क ठरवताना माझ्याकडूनच राहून गेलं. हा फक्त पाडायला शिकलाय."

बक्षीस गेलं. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत सर गोधडीतलं मशीन दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. मग हळूच म्हणाले, "कुत्र्यावर माझा राग नाही. आम्ही जिंकण्याचेच मार्क देत आलो, तो तरी दुसरं काय शिकणार?" ते कोणाबद्दल बोलत होते, हे तुम्हालाही कळलं असेल.

सोमवारी मशीन ऑफिसात गेलं. सरांनी स्वतः धूळ पुसून दिलं. आता संपलं, असं मी धरून चालले होते. आठवड्याने बघते तर त्यांच्या टेबलावर पन्नासेक रिकाम्या काडेपेट्या! कॉलेजातल्या सगळ्या विडीवाल्यांकडून शिपायाने गोळा केलेल्या. प्रत्येक पेटीवर मैदानावरचा एक प्रसंग लिहिलेला आणि आत धान्य. मूग म्हणजे थांब, ज्वारी म्हणजे चेंडू मार, तूर म्हणजे धडक दे. न बघता दाणा काढायचा आणि फरशीवर खडूने आखलेल्या मैदानात आपणच कुत्रा होऊन तसं करायचं. बरं झालं तर त्या जातीचा दाणा वाढवायचा, बिघडलं तर कमी करायचा. मुगाला कीड लागली की आमचा कुत्रा थांबायचं विसरायचा, आणि सर पोट धरून हसायचे.

सर गेल्याचं शिपायाने पत्राने कळवलं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. जळगावची माफी मी त्यांच्याकडे कधी मागितलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एकदा मागणार होते. 'समोर दुसरा कुत्रा' असं लिहिलेली पेटी उघडून मी तुरीचे सगळे दाणे रागारागाने टेबलावर ओतले आणि म्हटलं, "सर, त्या दिवशी जळगावला मी..."

"सगळे काढलेस?" त्यांनी मध्येच विचारलं. त्यातला एक दाणा उचलून त्यांनी परत पेटीत टाकला.

"एक असू दे बेटा. चुकायला जागाच ठेवली नाही, तर तो भिऊन कडेलाच उभा राहील."

मग पेटी हलवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हं, काढ दाणा."