उजवा कोपरा

आमच्या गावात मुलींचा कबड्डीचा संघ निघाला तो कोणाला मुलींचं कौतुक होतं म्हणून नाही. उरणच्या बाजूचं आमचं गाव. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि त्यापलीकडे कंटेनरच्या ट्रकांची रांग. एका वर्षी मंडळाने गावात सामने भरवायचे ठरवले. पाहुणे म्हणाले, महिला गटही ठेवा. तो ठेवला आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की यजमान गावाचाच महिला संघ नाही. ती लाज झाकायला घराघरांतून मुली गोळा केल्या. मी तेव्हा दहावीत होते. मला कोणी विचारलं नाही, उंची बघून नाव लिहून घेतलं.

शिकवायला एक सर होते. सर म्हणायचं एवढंच. ते गॅसच्या कारखान्यात पाळीवर कामाला होते. सकाळपाळी संपवून दुपारी यायचे. भात कापून झालेल्या शेतातली ढेकळं फोडून त्यांनीच मैदान केलं. त्यांनी मला उजव्या कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्या शेजारी खालच्या आळीतली एक मुलगी दिली. ती माझ्याच वर्गातली, पण तोवर आम्ही फारशा बोललोही नव्हतो. आता रोज दोन तास पकडीच्या साखळीत तिचं मनगट माझ्या हातात असायचं.

आमचा डाव साधा होता. चढाई करणारी माझ्या बाजूला आली की मी खाली झेपावून तिचा घोटा धरायचा आणि त्याच क्षणी शेजारणीने तिच्या कमरेवर पडायचं. एकट्या घोट्याने कोणी थांबत नाही, ओढून नेते. सर रोज तेच सांगायचे, "एकीनं पकडायचं न्हाय. एकीनं धरायचं, दुसरीनं पाडायचं." दोन-तीन महिन्यांत आम्हाला एकमेकींकडे बघायची गरज उरली नाही. मी वाकणार हे तिला माझ्या हातावरून कळायचं.

खेळाने मला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात उकडलेलं अंडं आधी भावाला मिळायचं. मी खेळायला लागल्यावर बाबांनी एक दिवस न बोलता ते माझ्या ताटात ठेवलं, आणि पुढे ते माझंच झालं. मी पेण पाहिलं, रोहा पाहिलं, अलिबागच्या शाळेत बाकं जोडून झोपले. रस्त्यावरून चालताना मान वर करायला शिकले. चार माणसांत मोठ्याने बोलता येतं हे मला मैदानावर कळलं. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं माझ्या त्या शेजारणीलाही मिळालं, आणि शिवाय जे मिळालं ते माझ्या वाट्याचं होतं असं मला अजून वाटतं.

बारावी झाल्यावर दुसऱ्या वर्षी मुरुडला निवड सामने होते. त्यातून जिल्ह्याचा संघ निघणार होता आणि जिल्ह्याकडून खेळलं की पुढे खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळू शकते, हे आम्हाला पाठ होतं. निघायच्या आधी सरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. उजव्या बाजूला एकच जागा रिकामी आहे, दुसऱ्या जागेवर बाहेरच्या संघातली मुलगी आधीच ठरली आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते आम्हाला सांगितलं ते चांगल्या मनाने, म्हणजे नंतर वाईट वाटू नये म्हणून. जीपमध्ये आम्ही दोघी शेजारीच बसलो. तिने मला अर्धी चिक्की दिली. त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही.

उपांत्य सामन्यात समोरच्या संघात एक उंच, भरलेल्या अंगाची मुलगी होती. ती माझ्या कोपऱ्यात आली, पाय टाकला आणि मी घोटा धरला. स्वच्छ धरला. तशी पकड वर्षातून एक-दोनदाच बसते. आणि माझ्या हातातलं मनगट सुटलं.

मी मान वळवून पाहिलं नाही, पण मला कळलं की शेजारीण नुसती उभी आहे. फार वेळ नाही, एक श्वासभर. बाकीच्या धावत येईपर्यंत त्या मुलीने मला दोन हात ओढत नेलं, मग मधल्या रेषेकडे वळायला गेली आणि सगळ्या वजनाने माझ्या गुडघ्यावर पडली. आवाज पंचांनीही ऐकला असणार, कारण शिट्टी लगेच वाजली.

मला उचलून बाहेर नेलं. कोळीवाड्यातून कोणीतरी मासळीचा बर्फ आणला, तो गोणपाटात बांधून गुडघ्यावर ठेवला. त्याला बोंबलाचा वास येत होता. तिथे पडल्या पडल्या मी उरलेला सामना पाहिला. सरांनी तिला माझ्या कोपऱ्यात उभं केलं होतं. तिने तीन पकडी केल्या. लोक टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी तिचं नाव जाहीर झालं.

पनवेलच्या डॉक्टरांनी लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल असं सांगितलं. घरचे म्हणाले, लावणी होऊ दे. मग म्हणाले, गणपती होऊ देत. नंतर मी चालायला लागले, लंगडत का होईना, आणि तो विषय संपला. मंडळाने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. ती एकदा पेढे घेऊन घरी आली. आईने तिला चहा दिला, गुडघ्याला कोणतं तेल लावतो ते सांगितलं. ती सगळं ऐकून गेली. पुढे ती राज्याकडून खेळली आणि पोलिसात लागली.

माझं लग्न शेजारच्या गावात झालं. आता मी एका कंटेनर यार्डच्या गेटवर आलेल्या गाड्यांचे नंबर लिहिते. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी विचारलं, आणखी काय केलंय? मी म्हटलं, कबड्डी खेळलेय. ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे टीमवर्क येतं. पाळी आठ तासांची आहे. त्यातले सहा तास उभ्याने काढावे लागतात.

यंदाच्या हिवाळ्यात गावच्या शाळेने क्रीडा दिनाला आम्हा दोघींना बोलावलं. ती प्रमुख पाहुणी, मी माजी खेळाडू. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत आम्ही लग्नाकार्यात लांबून हसलो असू, तेवढंच. ती छान बोलली. खेळाने मला माणसांवर विश्वास ठेवायला शिकवलं, असं म्हणाली. सोबतच्या मुलीचा हात कधी सोडू नका, असंही म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते वाक्य बोलताना ती अडखळली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी मुलींना सांगितलं की खेळल्याने भूक चांगली लागते आणि घरात अंडं आधी मिळतं. मुली हसल्या. मुख्याध्यापिकाबाई हसल्या नाहीत.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला. बाकीचे फोटो काढायला बाहेर गेले आणि आम्ही दोघीच उरलो. मी विचारलं, "मुरुडला तू का आली नाहीस?"

कधी, कुठल्या सामन्यात, असं तिने विचारलं नाही. तिने कप खाली ठेवला.

"आले असते तर पकड तुझी झाली असती," ती म्हणाली.

ती पुढे म्हणाली, "मला वाटलं ती नुसती सुटून जाईल. एक गुण जाईल. गुडघा मोडेल असं वाटलं नव्हतं गं."

इतकी वर्षं मला वाटायचं की ती हे नाकारेल आणि मग मी भांडेन. भांडणाची सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती. तिने सरळ सांगितल्यावर त्यांतलं एकही कामाचं राहिलं नाही. ती रडली असती तरी मला बरं वाटलं असतं. ती फक्त माझ्याकडे बघत बसली, पंचाचा निर्णय ऐकायला थांबल्यासारखी. मी विचारलं, "सर विचारत नव्हते कधी?" ती म्हणाली, "सरांना दिसलं होतं. त्यांनीच सांगितलं, आता एकीचं तरी होऊ दे."

सर वारले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या दिवसकार्याला मी त्या गुडघ्याने दोन तास खाली बसले होते.

परतताना तिने गाडीतून सोडते म्हटलं. मला नको म्हणायचं होतं, पण रिक्षा स्टँडपर्यंत चालवणार नव्हतं. मी तिच्या गाडीत बसले. वाटेत तिने माझ्या मुलीची चौकशी केली, पुढे काही लागलं तर सांग म्हणाली. मी हो म्हटलं. उतरताना तिने आतून हात लांब करून दार उघडून दिलं, कारण मला ते लवकर उघडेना.

माझी मुलगी सहावीत आहे. गेल्या आठवड्यात ती शाळेच्या संघाचा कागद सही करायला घेऊन आली. मी तिला म्हटलं, चढाई कर, एकटीने जायचं आणि एकटीने यायचं. ती म्हणाली, बाईंनी मला साखळीत ठेवलंय, मला तिथेच आवडतं, शेजारची मुलगी खूप चांगली आहे.

मी सही केली आणि कागद तिच्या दप्तरात ठेवला.