टाकीच्या झाकणावरचा दोरा

त्या माध्यमिक शाळेच्या शिपायांना सगळे तोंडावर काका आणि पाठीमागे संशयकाका म्हणत. लोक ताक फुंकून पितात, काका पाणी फुंकून पितात, अशी शिक्षकांची थट्टा असे. एकदा आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारखेची चिठ्ठी त्यांनी नखाने खरवडली, तर खाली जुनीच तारीख निघाली. तेव्हापासून शाळेतल्या कोणत्याही कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी त्यांनी स्वतःची युक्ती योजली होती. झाकणाच्या कडीला ते तिहेरी गाठीचा दोरा बांधून ठेवीत. टाकी धुणारा महिन्याकाठी येई, नोंदवहीत सही करून जाई. मागून काका वर जाऊन गाठ पाहत. तीन महिने ती शाबूत होती. म्हणजे टाकी उघडलीच नव्हती. तरी ते गप्प राहिले. पुरावा पिकू द्यावा, असा त्यांचा स्वभाव.

मग नववीच्या अकरा मुली पोटाच्या दुखण्याने आडव्या झाल्या. त्यांत काकांची नातही होती. काकांनी मुख्याध्यापिकाबाईंना दोऱ्याची हकिगत सांगितली. बाईंनी टाकी धुणाऱ्याला बोलावले आणि त्याला कामावरून काढण्याचे पत्र तयार केले. साक्षीदार म्हणून काकांची सही तेवढी उरली. पण सहीआधी ती घाण सर्वांनी डोळ्यांनी पाहावी, असा हट्ट काकांनीच धरला.

तिघे गच्चीवर गेले. टाकी धुणाऱ्याने सवयीच्या हाताने गाठ सोडवली आणि झाकण उचलले. तळ आरशासारखा स्वच्छ होता. काकांनी बॅटरीचा झोत कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवला. गाळाचा कण नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, मग गाठ शाबूत कशी राहिली?

"ती मीच परत बांधतो, काका. तुमच्यासारखीच, तिहेरी," तो म्हणाला. "मला वाटलं, वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून बांधलीय. ज्याची त्याची वस्तू जशीच्या तशी ठेवावी."

मग पाणी बिघडले कुठे? पाइपाचा माग काढीत तिघे खाली उतरले. सांधे कोरडे होते, गळती कुठेच नव्हती. पिण्याच्या नळाच्या तोंडाशी मात्र कापडाची घडी बांधलेली होती. बाईंनी ती सोडली. आतून काळपट, बुळबुळीत. वासाने त्यांनी तोंड फिरवले.

"हे कुणी बांधलं?"

टाकी धुणाऱ्याने खाली पाहिले.

"मी," काका म्हणाले. "टाकीचा भरवसा नव्हता म्हणून. तीन महिने झाले."

"आणि धुतलं कधी?"

काकांनी सहीसाठी दिलेले पत्र खिशातून काढले. ते उलटे करून, कोऱ्या पाठीवर त्यांनी कापड कुणी बांधले, कधी बांधले आणि ते एकदाही धुतले नाही, हे लिहिले. खाली सही केली. कागद बाईंच्या हाती देण्यापूर्वी तारीख मात्र दोनदा तपासली.