उजवी पाकळी आणि दोन पाकिटं

गेल्या महिन्यात एका सोमवारी देवळातून घरी आलो, हातातलं पाकीट फोडलं आणि होतो तिथंच खाली बसलो. सविताला विचारूनच हे लिहितोय. नावं बदलली आहेत, गावही सांगत नाही… डिचोली तालुका एवढं पुरे.

माझ्या बायकोच्या, विभाच्या, छातीत गाठ लागली होती. आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, भाड्याने राहणाऱ्या सवितालाही तशीच. दोघी एकाच बसने म्हापशाला गेल्या, एकाच डॉक्टरांनी दोघींच्या गाठीचा तुकडा काढून एकाच लॅबमध्ये तपासायला पाठवला.

सविता मूळची गडहिंग्लजकडची, नवरा मोपाच्या बाजूला बांधकामावर. त्याला रजा मिळेना आणि माझं ऑफिस म्हापशालाच… म्हणून दोघींचे रिपोर्ट मीच घेऊन आलो. सारखीच दोन पांढरी पाकिटं, चिकटवलेली, वर शाईच्या पेनाने लिहिलेली नावं.

फोडणार तेवढ्यात आई आडवी आली. "देवाक विचारल्याबिगर पाकीट उगडू नका."

आमच्याकडे हे असंच चालतं. लग्न असो की घराचा पाया, आधी देवाला प्रसाद लावायचा. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, उजवीकडची आधी पडली की देवाचा होकार. मी देव मानतो, पण देवाला पॅथॉलॉजी विचारू नये असं आपलं माझं मत… घरात माझ्या मताला कुत्रं विचारत नाही. त्यात सविताही म्हणाली, "आमच्याकडंबी कौल लावत्यात. माझंबी ठेवा की देवापुढं."

ठेवलं. सोमवारी भटजींनी दोघींसाठी वेगवेगळा प्रसाद लावला, रिपोर्ट चांगला निघेल ना म्हणून विचारलं आणि दोघींनाही उजवी पाकळी मिळाली. आई रडायलाच लागली. सविताने देवापुढे डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

पाकळ्या भिजवायचं पाणी सांडून पाकिटं ओली झाली होती, शाई पसरून नावं पार गेली होती. भटजींनी अंदाजाने एक मला दिलं, एक तिला. आम्हीही घेतली… उजवी मिळाली होती, आता नाव कोण बघतंय.

घरी येऊन मी पाकीट फोडलं. डॉक्टरी इंग्रजीचा मला कंटाळा, म्हणून थेट शेवटची ओळ वाचली. कॅन्सर.

विभा दारात उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने चौकट धरली. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी पुन्हा कागदाकडे बघत राहिलो… तेव्हा वरच्या कोपऱ्यात वय दिसलं. एकतीस. विभा अठ्ठेचाळीसची आहे.

नाव सविताचं होतं.

खोटं कशाला बोलू… मला इतका आनंद झाला की मी हसलो. मोठ्याने. "तुझा नाही गं, सविताचा आहे," असं म्हणालो, आणि वाक्य पुरं झाल्यावर आपण काय बोललो ते कळलं. विभा हसली नाही.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. सविताचा रिपोर्ट इथे, म्हणजे आमचा तिच्याकडे. आणि तो चांगला असणार… नाहीतर एव्हाना तिच्या घरातून रडारड ऐकू आली असती.

विभा म्हणाली, "तुम्हीच जावा. माझं तोंड बघून काय वाटेल तिला?"

सविताचं घर पाच मिनिटांवरही नाही. एवढ्याशा वाटेवर मी दोनदा थांबलो. सविताच्या शेजारची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिने सविताला रिपोर्ट वाचून दाखवला होता, हे मागाहून कळलं. तिनेही बहुधा माझ्यासारखीच शेवटची ओळ वाचली असेल.

सविता दारातच भेटली. केस धुतलेले, ठेवणीतली साडी. आजवर तिला एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. "दादा, काय बी न्हाई निघालं बघा. उद्याच्याला डॉक्टरकडं येत न्हाई म्हणून फोन बी केला ह्येंनी." आणि तिने माझ्यापुढे साखरेची वाटी धरली.

त्या फोनचं ऐकलं नसतं तर कदाचित मी साखर घेऊन परत आलो असतो. नवरा आला की त्यालाच सांगू, असं मनाला समजावत. पण आता थांबून चालणार नव्हतं.

मी खिशातून कागद काढला आणि पाकिटं बदलली म्हणून सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ती कागदाकडे बघत राहिली. त्यातलं तिला काही वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली.

"मग देवानं मला उजवी कशाला दिली?"

 

ती आत गेली. आता दार लावून घेईल असं मला वाटलं, लावलं असतं तरी चाललं असतं. पण ती आमचं पाकीट घेऊन बाहेर आली, नीट घडी घातलेलं. दुसऱ्या हातात तीच वाटी.

"म्हंजी वैनी बऱ्या हायत न्हवं?"

मी मान हलवली.

"मग घ्या की… वैनींची हाय साखर."

सध्या सविताची केमो चालू आहे. विभा दर वेळी तिच्याबरोबर जाते. बसमध्ये दोघी फारसं बोलत नाहीत, असं विभा सांगते. पुढचं अजून काही कळलेलं नाही… डॉक्टर बघू म्हणतात.

सविता, त्या दिवशी तू मला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाहीस, हे मी विसरणार नाही. तुझ्यासमोर उभं राहून मी ती साखर खाल्ली. आणि ती गोड लागली…