शलाकाच्या ताकातला हिंग

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. आणि यांना मी काय सांगत नाही? भाजीवाल्याने कोथिंबीर शिळी दिली तरी ते संध्याकाळी यांच्या कानावर जातं. पण हे — हे कुणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि अनोळखी माणसासमोर तोंड जरा सैल सुटतं. दुसरं काही कारण नाही.

स्वयंपाकापासून सुरुवात करते. त्याचाच तर मला गर्व होता. म्हणजे अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? इथे हैदराबादेत, हिमायतनगरात, आमच्या ओळखीच्या मराठी घरांत डॉक्टरांनी कुणाला काही वर्ज्य केलं, की पहिला फोन मला यायचा. कुणाचं मीठ बंद, कुणाची साखर बंद, कुणाला डाळ सोसत नाही. मी सांगायची — अहो, तांदळाची उकड करा, मुगाची धिरडी करा, दुधी किसून थालीपिठात घाला, लिंबू पिळलं की मिठाची आठवणही येत नाही. बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात मी रोज एक सोपा पथ्याचा पदार्थ टाकायची. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे ताटात दिसू नये, असं मी म्हणायची. छान वाटायचं म्हणायला.

माझा धाकटा भाऊ सुधीर नांदेडला असायचा. त्याची एकुलती एक मुलगी शलाका. तिला इथे हैदराबादला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि घरात आनंदाबरोबर काळजीही आली, कारण शलाकाला गहू चालत नाही. ॲलर्जी म्हणतात तसं साधं नाही ते. गव्हाचा कणभर अंश पोटात गेला तरी आतडं सुजतं, खाल्लेलं अंगाला लागत नाही. होस्टेलच्या मेसमध्ये ती जगली नसती. मी सुधीरला म्हटलं, पाठव. मी आहे ना. आणि मी अगदी मनापासून म्हटलं होतं. तेवढं तरी खरं होतं.

तिच्यासाठी मी काय नाही केलं? नवा तवा आणला, नवं पोळपाट आणलं. गव्हाची कणीक वरच्या फळीवर, घट्ट डब्यात. भाजणीतला गहू काढून राजगिरा घातला आणि ती भाजणी गिरणीत न देता घरच्या मिक्सरवर दळली, चाळणीने तीनतीनदा चाळून. बाहेरचा मसाला नाही, बाहेरचा सॉस नाही. यांच्या पोळ्या आधी करून, ओटा पुसून, मग तिची भाकरी. पोर पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि वरण खाऊन म्हणाली, आत्या, आईसारखं झालंय. मी म्हटलं, आईपेक्षा बरं म्हण.

आता आमच्या घरची एक गोष्ट. माझ्या माहेरी लसणाची फोडणी. सासरी कांदा-लसूण वर्ज्य, सासूबाई गेल्यावरही मी ते सोडलं नाही. मग वास, चव, सगळी भिस्त हिंगावर. वरणात हिंग, भाजीत हिंग, धिरड्यात हिंग. आणि पोट बिघडलं तर? तर ताकात हिंग. तान्ह्या बाळाच्या बेंबीवर आपण हिंगाचा लेप लावतो. पोट दुखलं की हिंग — हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का?

महिना-दीड महिन्यात शलाकाचं पोट बिघडायला लागलं. फुगायचं, दुखायचं, कॉलेजातून अर्ध्यात घरी यायची. वजन उतरलं. केसांचे पुंजके न्हाणीघराच्या जाळीत अडकायचे. मी घाबरले. तिचं जेवण हलकं केलं. भाकरी बंद, मऊ भात आणि वरण, आणि दोन्ही वेळा ग्लासभर ताक — आलं, सैंधव, चांगला चिमूटभर हिंग. ती ग्लास पूर्ण संपवायची, कारण मी समोर उभी असायची. ती जितकी खंगायची तितका मी हिंग वाढवायची.

समजलं ना तुम्हाला? तुम्हाला इतक्यात समजलं. मला नाही समजलं.

डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय. मला ते अपमानासारखं लागलं. माझ्या स्वयंपाकघरातून? शक्यच नाही. मग राहिलं काय? बाहेर. कॉलेजच्या वाटेवर दोन इराणी हॉटेलं होती. मैत्रिणी चहाला जायच्या, हीही बसायची त्यांच्यात. मी तिला विचारलं, ती म्हणाली, नुसता चहा पिते गं. मी पुन्हा विचारलं. मग रोजच विचारायला लागले. तिच्या दप्तरात चुरा आहे का ते पाहिलं. हे म्हणाले, "उगी परेशान करू नकोस पोरीला. नाही म्हणतेय ना ती?" मी म्हटलं, खाई त्याला खवखवे. तिच्यासमोर म्हटलं. ती तोंडात घास धरून तशीच बसली होती.

शेवटी मी सुधीरला फोन केला. तुझी मुलगी बाहेर खाते आणि खोटं बोलते, असं सरळ सांगितलं. तो नांदेडहून आला. आमच्या बैठकीत तिला समोर बसवलं. सुधीर रागीट नव्हता, उलट फार मऊ होता, आणि मऊ माणसाने विचारलेलं जास्त झोंबतं. तो म्हणाला, "बेटा, एकदा कबूल कर. मी काही बोलणार नाही. आत्या इतकं करते तुझ्यासाठी." ती नाही म्हणाली. परत नाही म्हणाली. शपथ घेतली. मग रडली. मग खूप वेळाने, फरशीकडे बघत म्हणाली, "हौ. खाल्लं."

काय खाल्लं, मी विचारलं. तिला पटकन सुचेना. शेवटी म्हणाली, इराण्याकडची उस्मानिया बिस्किटं.

न केलेल्या गोष्टीचं नाव शोधत होती ती, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं. तिची ती अडखळ मला तेव्हाही दिसली होती. मला वाटलं, लाज वाटतेय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे, माफ केलं.

सुधीर तिला घेऊन गेला. जिचा जिभेवर ताबा नाही ती परगावी काय शिकणार, असं त्याचं झालं. आर्किटेक्चर सुटलं. नांदेडला बी.कॉम.ला घातली. आणि तिथे ती दोन महिन्यांत ठणठणीत झाली. आईच्या हातची, लसणाच्या फोडणीची भाजी खाऊन. सगळे म्हणाले, बघा, बाहेरचं बंद झालं आणि पोर सुधारली. याहून मोठा पुरावा काय हवा?

त्याच सुमारास हिंग संपला म्हणून मी कोठीच्या बाजारातून नवी डबी आणली. दर वेळी आणते तीच. दर वेळी घरी आल्याबरोबर स्टीलच्या डबीत ओतते आणि विकतची डबी फेकून देते. या वेळी झाकण निघेना, म्हणून चष्मा लावून कुठून फोडायची ते बघत होते. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं — खायचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. हिंग शेवटी होता. गहू त्याच्या आधी.

त्या दिवशी फोन उचलायला हवा होता. एक वाक्य होतं. सुधीर, चूक माझी होती, तिची नाही. कॉलेजची फी अजून भरता आली असती, वर्ष अजून गेलं नव्हतं. मी काय केलं? डबी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो का ते शोधायला गेले.

आणि एवढ्यावरही थांबले नाही. काही दिवसांनी ग्रुपवर एका बाईने विचारलं, नातवाला गहू बंद केलाय, काय काय सांभाळू? मी लिहिलं, हिंग बघून घ्या हो, साध्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, मी पहिल्यापासून तांदळाचाच वापरते. पहिल्यापासून. बायकांनी हात जोडले, फुलं पाठवली. माझी भावजयही होती त्या ग्रुपमध्ये. तिने लिहिलं, ताई, किती बारकाईने बघता तुम्ही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. मी ती नुसती झाकली नाही, वर मिरवली.

नांदेडला त्या बिस्किटांची थट्टा होऊन बसली. शलाका काही सांगायला लागली की सुधीर हसत म्हणायचा, हे खरं की उस्मानिया बिस्किट? लग्नाकार्यात, पाहुण्यांसमोर. ती आधी चिडायची. मग हसायची. मग सांगणंच बंद केलं तिने, कुणालाही, काहीही. दिवाळीला मी गेले की सगळ्यांबरोबर मीही हसायची.

मागच्या वर्षी सुधीर गेला. हार्ट अटॅक, बोलायलाही वेळ मिळाला नाही. तेराव्याची पानं उठल्यावर शलाका मागच्या अंगणात भांडी विसळत होती, मी शेजारी स्टुलावर बसले होते. आता ती पुण्यात कुठल्याशा ऑफिसात हिशेब बघते, एकटी राहते. हात न थांबवता तिने विचारलं, "आत्या, तुला तरी कधी वाटलं का गं, की मी खरंच खाल्लं नव्हतं?"

आसपास कुणी नव्हतं. ती रागावलेली नव्हती. एवढंच विचारत होती, आणि मला सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "झालं गेलं. आता कशाला ते? मी तुला केव्हाच माफ केलंय."

ती "बरं" म्हणाली, आणि पुढचं पातेलं घेतलं.

पहिल्यांदा माफ केलं तेव्हा मी अडाणी होते. त्या दिवशी नव्हते. दर रविवारी तिचा फोन येतो, काय जेवलीस ते मी विचारते, ती सांगते. मी अजून तिला सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं मला वाटत नाही.